गोगलगायींच्या चिठ्ठ्या

सरांनी तीस वर्षांत लिहिलेल्या चिठ्ठ्या मी एका दुपारी दोन-अडीच तासांत फेकून दिल्या. आपण काही वाईट करतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. खरं तर थोडं वाटलं होतं, पण मी ते बाजूला सारलं. लिहायला बसले तरी पहिली ओळ सवयीनं स्वतःच्या बाजूचीच उतरते.

सर म्हणजे गोंदियातल्या आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांची विद्यार्थिनी. आमगावहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायची. पुढे त्यांच्याच जागेवर लागले. सरांचा सगळा जीव गोगलगायींत. जिल्ह्यातले तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, जंगलातला पालापाचोळा, जिथं मिळेल तिथून गोगलगायी आणायच्या, ओळखायच्या, त्यांची कुळं लावायची, हे त्यांनी नोकरीभर केलं. बाजारात भाजीवाला हसून विचारायचा, "क्या सर, आज कितने घोंघे मिले?" आणि सर गंभीरपणे आकडा सांगायचे.

त्यांच्यासोबत कायम असायच्या आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो, सर मात्र 'बाई' म्हणत. मावशी सालेकसाकडच्या, जंगलपट्टीतल्या गोंड घरातल्या. लहानपणी बांधीतले घोंघे वेचून खाल्लेले, त्यामुळे कोणत्या पाण्यात काय सापडेल हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळायचं. साडी खोचून त्या पाण्यात उतरत आणि सर काठावर चष्मा सांभाळत उभे असत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सर आम्हाला सालेकसाच्या जंगलात घेऊन गेले होते. एका कुजक्या ओंडक्याखाली मला बिनशंखाची गोगलगाय सापडली. काळपट, चामड्यासारखी, पाठीच्या मधोमध फिकट रेघ. इकडे तिला शेंबडी म्हणतात. मी हुशारी दाखवायला म्हटलं, "सर, ही वेगळ्या गटातली. शंखवाल्या एकीकडे अन् शेंबड्या दुसरीकडे."

सर उकिडवे बसले. "शंख नाही म्हणून सगळ्यांना एका घरात घालतेस? मग ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावरचे केस गेले ते सगळे माझे भाऊ काय?" सरांना पूर्ण टक्कल होतं. आम्ही हसलो. मग ते म्हणाले, "शंख गमावणं वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या वेळी झालं आहे. ही शेंबडी आणि आपल्या कॉलेजच्या बागेतली ती बारीक शेंबडी, दिसायला सारख्या. पण बागेतलीचं जवळचं नातं एखाद्या शंखवालीशी निघेल, हिच्याशी नाही. वरवर पाहून नातं ठरवायचं नसतं."

त्यांनी वहीचं पान फाडलं, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं. गाव, कोणाच्या शेताचा धुरा म्हणजे बांध, कोणत्या झाडाखाली, तारीख, आणि शेवटी माझं नाव, कारण उचलली मी होती. चिठ्ठी त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत, त्या शेंबडीसोबतच घातली.

"नाव चुकलं तर चालतं," ते म्हणाले. "शंख पुन्हा पाहता येतो, नाव सुधारता येतं. माझ्यादेखत किती घराणी मोडली अन् किती जोडली. पण ही कुठून उचलली, हे शंख कधीच सांगत नाही. ते फक्त चिठ्ठी सांगते."

कोणीतरी विचारलं, "सर, चिठ्ठी हरवली तर?"

"तर कोरी ठेवायची. अंदाजानं लिहायचं नाही. खोट्या चिठ्ठीपेक्षा कोरी चिठ्ठी बरी."

हे मी ऐकलं होतं. समजलंही होतं. म्हणूनच पुढचं जास्त लाजिरवाणं आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा संग्रह कॉलेजातच राहिला. दोन लोखंडी कपाटं, त्यांत खण, आणि खणांत जे मिळेल त्यात ठेवलेले शंख. औषधांची खोकी, काडेपेट्या, बांगड्यांचे डबे, सुपारीच्या डब्या. प्रत्येकीत शंख आणि घडी केलेली एक चिठ्ठी. किल्ली त्यांनी मावशींच्या हातात दिली आणि माझ्यासमोर सांगितलं, "बाई, दर उन्हाळ्यात खण बाहेर काढून ऊन दाखवायचं. उधईचा भरवसा नाही." वाळवीला इकडे उधई म्हणतात. मावशी म्हणाल्या, "हव जी." आणि दर उन्हाळ्यात त्या तसं करत होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मला नोकरी लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार असं ठरलं. प्राचार्य प्रत्येक विभागात फिरले. आमच्या संग्रहालयात येऊन त्यांनी एक खण ओढला, काडेपेट्या पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, ये क्या कबाड़ है? लोक काय म्हणतील? जरा दिसण्यासारखं करा." माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. पण सगळं त्यावर ढकलणार नाही. मलाही तो पसारा आवडत नव्हता. मला स्वतःचं काही दाखवायचं होतं.

मी पारदर्शक बरण्या मागवल्या. एका जातीचे सगळे शंख एका बरणीत. बांधीतले मोठे, झाकणवाले, पायला नावाचे एका बरणीत. चपटे, चकलीसारखे एका बरणीत. लांबट टोकदार एका. जंगलातले बारीक चकचकीत एका. बरणीवर संगणकावर छापलेलं लॅटिन नाव, खाली मराठीत वर्णन. कुठले शंख कुठून आले होते, हे चिठ्ठीवर होतं. आणि एका बरणीत पन्नास चिठ्ठ्या दिसल्या असत्या तर ती पुन्हा कबाडच दिसली असती.

मावशी एकेक डबी उघडून देत होत्या, मी शंख बरणीत ओतत होते. थोड्या वेळानं त्या थांबल्या. त्यांच्या पदरात चिठ्ठ्यांचा ढीग साठला होता.

"मॅडम, ह्या चिठ्ठ्या?"

"टाका."

"सरच्या हातच्या हायेत जी."

"मावशी, वेळ नाही. पोत्यात भरा अन् टाका."

त्या पोतं आणायला गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. स्पिरिटच्या बाटल्यांना मात्र मी हात लावला नाही. वास यायचा, म्हणून त्या तशाच खालच्या खणात ढकलल्या. त्यामुळे शेंबड्या चिठ्ठ्यांसकट वाचल्या. मी वाचवल्या असं नाही.

समिती आली. एका सदस्यानं बरणी उजेडात धरली आणि म्हणाला, "व्हेरी नीट." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खूश होते.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, सरांचा फोन आला. बाहेरच्या विद्यापीठातली एक संशोधक मुलगी त्यांना भेटायला आली होती. तिला आमच्या संग्रहातली जंगलातली ती बारीक चकचकीत गोगलगाय पाहायची होती. सरांनी ती तिरोड्याकडच्या एका बोडीच्या पाळीवर गोळा केली होती आणि नवेगावच्या बाजूलाही. दिसायला सारखीच. पण त्या एकाच जातीच्या की दोन, हे तिला तपासायचं होतं. तिरोड्याकडची ती बोडी आता उरलेली नव्हती, बुजवून तिथं घरं झाली होती. त्यामुळे तिथले शंख फक्त आमच्या कपाटात होते.

"आम्ही अर्ध्या तासात येतो," सर म्हणाले. आवाजात किती आनंद होता! निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी त्यांचे शंख मागायला आलं होतं.

तो अर्धा तास मी कपाटासमोर उभी होते.

ते आले. सरांनी कपाट उघडलं आणि बरण्या पाहिल्या. आधी त्यांना काही कळलंच नाही. त्यांनी बरणी उचलली, फिरवून पाहिली, झाकण उघडून आत पाहिलं. मुलीनं हळूच विचारलं, "सर, यातले तिरोड्याचे कोणते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चिठ्ठ्या कुठं आहेत?"

तेवढ्यात मावशी पाण्याचा ट्रे घेऊन आत आल्या. मी म्हणाले, "उधई लागली होती सर. कागद सगळे गेले. शंख तेवढे वाचले, ते मी बरण्यांत भरून ठेवले."

हे मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले, आणि तेही असं, की चिठ्ठ्या गेल्याचा दोष उधईवर जावा आणि शंख वाचवण्याचं श्रेय मला मिळावं.

सर मावशींकडे वळले. "बाई, ऊन दाखवलं नाही का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी बरणीच्या लेबलाकडे पाहत राहिले. तेव्हा त्या म्हणाल्या, "चुकलं जी."

सरांनी पाणी घेतलं नाही. मुलगी समजूतदार होती. म्हणाली, असं बऱ्याच ठिकाणी होतं सर. पण तिचा प्रश्न तिथंच संपला होता. ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

सरांना कोणावर ओरडता येत नसे. ते मावशींशी बोलायचेच बंद झाले. पूर्वी बाजारात, रस्त्यात दिसल्या तर थांबून विचारपूस करायचे, आता मान वळवून पुढे जायचे. प्राचार्यांना त्यांनी दुःखानं सांगितलं असावं, कारण महिन्याभरात मावशींची बदली ग्रंथालयात झाली. कागदावर 'प्रशासकीय कारण' लिहिलं होतं. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "मावशी, मी बोलते सरांशी." त्या म्हणाल्या, "बोला." आणि गेल्या.

मी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करत थंडी गेली. तेव्हा मी फुलचूरला राहायची; तिथून कॉलेजला येताना ग्रंथालयाचा जिना टाळता यावा म्हणून मी मागच्या फाटकानं यायला लागले.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि सर एका सकाळी भिंग, चिमटे आणि जुन्या वह्या घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले. "जितकं सावरता येईल तितकं सावरू," म्हणाले. "जात तरी नीट लावू. तू बरण्यांवर लिहिलेल्या नावांतही दोन चुका आहेत." चुका दोन नव्हत्या, सहा होत्या. त्यांनी सौम्यपणे दोन सांगितल्या.

आम्ही रोज सकाळी आठ ते अकरा बसायचो. उन्हाळा असा की खिडक्या लावून बसावं लागे. सर एकेक शंख बोटांत धरून फिरवत. तोंड उजवीकडे की डावीकडे, वेटोळे किती, झाकण शिंगासारखं की चुन्यासारखं, हे ते मोठ्यानं सांगत आणि मी लिहून घेत असे. मध्येच ते थांबत. "हा बहुतेक बोदलकसा तलावातला... नाही. नको. अंदाज नको." आणि ठिकाणाची जागा कोरी सोडायला सांगत. अशा कोऱ्या जागा पानभर झाल्या, मग दोन पानं. प्रत्येक वेळी मला वाटे, आता सांगावं. प्रत्येक वेळी ते पुढचा शंख उचलत.

सगळ्यात वाईट म्हणजे ते माझ्याशी फार चांगले वागत होते. डब्यातला फोडणीचा भात अर्धा मला देत. एकदा म्हणाले, "तू शंख वाचवलेस म्हणून निदान एवढं तरी करता येतंय. नाहीतर माझं काहीच उरलं नसतं." मी घास खाली ठेवला. पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले, आणि पुन्हा आत येऊन बसले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गीकरण संपत आलं. सरांनी नवी नोंदवही आणली होती. पहिल्या पानावर संग्रहाचा इतिहास असावा, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला कळेल, असं ते म्हणाले. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते सांगतील ते मी लिहायचं. संग्रह कधी सुरू झाला, कोणत्या तालुक्यांतून झाला, हे मी लिहिलं. मग सर म्हणाले, "लिही. परिचराच्या निष्काळजीपणामुळे उधई लागून स्थळांच्या चिठ्ठ्या नष्ट झाल्या."

पेन माझ्या हातात होतं. मी 'परिचराच्या' एवढं लिहिलं.

आजवर मी बोलले ते हवेत होतं. आता ते कागदावर, कायमच्या वहीत जाणार होतं. आणि सरांना ठाऊक नव्हतं की ते स्वतःच माझ्याकडून खोटी चिठ्ठी लिहून घेताहेत. माझा हात पुढे गेला नाही.

"काय झालं?"

"उधई लागली नव्हती सर," मी म्हणाले. "चिठ्ठ्या मी टाकल्या. समिती येणार होती तेव्हा. मावशी नको म्हणत होत्या. मी टाकायला लावल्या."

मला वाटलं सर ओरडतील; ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"बाईंना सांगितलंस?"

"काय, सर?"

"की तू मला हे सांगते आहेस. की त्यांची चूक नव्हती. काही तरी बोललीस त्यांच्याशी, इतक्या महिन्यांत?"

"नाही."

"मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही सहा महिने," सर म्हणाले. आणि मग मोठ्यानं, जसं मी कधीच ऐकलं नव्हतं तसं, "सहा महिने!"

ते उठले. भिंग, चिमटे तिथंच टेबलावर ठेवून दारापर्यंत गेले आणि न वळता म्हणाले, "आधी तिकडं जा."

दुसऱ्या दिवशी मी पॅसेंजरनं सालेकसाला गेले आणि तिथून ऑटोनं मावशींच्या गावी. उन्हाळी सुट्टी, तेंदूपत्त्याचा हंगाम. अंगणात मांडवाखाली मावशी आणि त्यांची भावजय पानं जुळवत, पुडे बांधत बसल्या होत्या. मला पाहून मावशी उठल्या नाहीत. "या मॅडम," म्हणाल्या आणि बाजूची पानं सारून जागा केली. भावजय पाणी आणायला आत गेली.

मी येताना मनात बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं विसरले. म्हणाले, "मावशी, मी सरांना खरं सांगितलं. काल."

त्यांचे हात पुडा बांधतच होते. "काल?"

"हो."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

भीती वाटली म्हणाले. लाज वाटली म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही का नाही बोललात मावशी? त्या दिवशी सरांसमोर सांगून टाकलं असतं तर..."

हे विचारायला नको होतं. तो दोष पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकणं होतं. मावशींनी दोरा दातानं तोडला.

"मी कायले बोलू? मले वाटलं, मॅडम बोलतीन. पावणी पोरगी हाय समोर, ते गेली का बोलतीन. मंग वाटलं, उद्या बोलतीन. मी वाट पाहून राहिली होती जी." मग नवा पुडा घेत म्हणाल्या, "बदलीचं काई नाही. काम तं काम हाय. पन सर रस्त्यात तोंड फिरवून जात. थे लागलं. वीस वर्सं त्यायच्या संगं चिखलात फिरली मी."

मी माफी मागितली. त्या 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. 'बरं' म्हणाल्या.

भावजयीनं पाणी दिलं, मग गूळ दिला. मी निघायला उठले तेव्हा मावशी म्हणाल्या, "थांबा जरा." आत गेल्या आणि एक जुनी नायलॉनची पिशवी घेऊन आल्या. तोंड सुतळीनं बांधलेलं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. हलकी होती. मी सुतळी सोडली.

आत चिठ्ठ्या होत्या. सरांच्या पेन्सिलीतल्या. घड्या तशाच.

"तुमी टाका म्हनलं. मी टाकाले नेल्या अना टाकनं नाही झालं. सरच्या हातचं लिवनं. घरी आनून ठेवल्या."

"मग मावशी, सांगायचं ना! इतके दिवस..."

"सांगून तुमी कोनत्या शंखात कोनती घालान?" त्या म्हणाल्या. "शंख तं मिसळले ना."

त्यांना सगळं ठाऊक होतं. कोणत्या गोष्टीचा उपयोग आहे आणि कोणत्या गोष्टीचा नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी त्यांनी त्या दोन वर्षं कोरड्या ठेवल्या होत्या.

गाडीत पिशवी मांडीवर घेऊन मी बसले होते. आमगाव आलं, गेलं. एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते. काहींवर नुसतं गाव आणि तारीख. काहींवर जास्त: 'एकच शंख, ओठ तुटलेला.' 'दोन, एकाला छिद्र, पक्ष्याने टोचलेले.' 'बाईंना दिसली. मला दिसली नव्हती.' ही चिठ्ठी वाचली आणि पुढची न उघडता मी सगळ्या परत पिशवीत घातल्या.

पिशवी मी सरांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी दारातच घेतली. आत ये म्हणाले नाहीत.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. मी प्राचार्यांना लेखी दिलं की दोष माझा होता, परिचरांचा नव्हता. त्यांनी वाचलं, 'ठीक आहे, मिट गया' म्हणाले आणि फाईल बंद केली. माझं काहीच बिघडलं नाही. नोकरी तोवर कायम झाली होती. मावशींना प्रयोगशाळेत परत यायचं का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लायब्ररीत पंखा बरा हाय. मी तिथंच रायते."

पण त्याच आठवड्यात सर आले आणि त्यांनी ग्रंथालयातून मावशींना बोलावून आणलं. मी खोलीतच होते. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. प्राध्यापकांसमोर मावशी कधी बसत नसत. त्या उभ्याच राहिल्या. सरही मग उभे राहिले.

"बाई, मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "विचारलं नाही. परस्पर ठरवून टाकलं."

"हव जी," मावशी म्हणाल्या, "विचाराले पाह्यजे होतं."

आणि मग त्या बसल्या. सर बसले. पिशवी टेबलावर रिकामी झाली.

पुढे दोन महिने, दुपारच्या सुट्टीत, ते दोघं चिठ्ठ्या आणि शंख जुळवत होते. ज्या चिठ्ठीवर तुटलेला ओठ, छिद्र, वेगळा रंग, किंवा मापं लिहिलेली होती, तिचा शंख शोधता येत होता. मावशींना काही शंख नुसते पाहून आठवत. "हा थ्या मोठ्या पानकनसाजवळचा." सर विचारत, "नक्की?" त्या कधी 'नक्की' म्हणत, कधी 'नाही जी, सोडा'. नक्की म्हटलं आणि चिठ्ठीशी जुळलं, तरच सर लिहीत. असे जेमतेम तीस-पस्तीस शंख आपापल्या गावी परत गेले. तिरोड्याच्या त्या बोडीचा एकही नाही. त्या चिठ्ठीवर फक्त 'आठ शंख, सगळे चांगले' लिहिलेलं होतं.

बाकीच्या शंखांसाठी सरांनी मला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. स्वतःहून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "ठिकाण: अज्ञात. कारण: सफाई करताना मूळ चिठ्ठी टाकली गेली." मी विचारलं, "सर, 'टाकली गेली' की 'टाकली'?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला काय वाटतं?" मी 'टाकली' लिहिलं आणि पुढे माझं नाव. दोनशेहून जास्त वेळा. ते लिहून बोटं दुखली, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही नंतर लाज वाटली. बोटं दुखून कोणाची बोडी परत येत नव्हती.

वर्गात आता मी वर्गीकरण शिकवते तेव्हा मुलं विचारतात, मॅडम, गोगलगायींची नावं इतकी का बदलतात, मग पाठ कशाला करायची? मी त्यांना कपाटापाशी नेते, 'ठिकाण: अज्ञात' लिहिलेली एक चिठ्ठी दाखवते आणि हे कोणी केलं तेही सांगते. मग एखादी विचारते, "सर रागावले का?" मी हो म्हणते. त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही.

यंदा भादव्यात एके सोमवारी माझ्या टेबलावर औषधांची चार खोकी होती. आत ताजे शंख, प्रत्येकात चिठ्ठी. तारीख आदल्या दिवशीची, गाव सालेकसाजवळचं. संग्राहक म्हणून मावशींचं नाव पहिलं, सरांचं दुसरं. खोकी ठेवायला मावशीच आल्या होत्या; साडीच्या काठाला अजून चिखल वाळलेला होता.

"रविवारी गेला होतात?" मी विचारलं.

"हव. सरनं फोन केला, चला म्हने. सत्तरी झाली तरी आयकत नाही तो मानूस."

"मी आले तर चालेल का? पुढच्या वेळी?"

मावशींनी विचार केला. "मले चालन. पन सरले विचारा."

गणपती उठले, आता नवरात्रही आलं. ते दोघं त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आले. मी सरांना अजून विचारलेलं नाही.